वळिवड्याचे पाहुणे : समुद्रापार आलेल्या पोलिश निर्वासितांची कथा

निर्वासितांचा इतिहास दोन बाजूंनी लिहिला जातो. ज्यांनी घर सोडले त्यांच्या आठवणींतून तो एक प्रकारे उभा राहतो, आणि ज्यांनी दार उघडले त्यांच्या अभिमानातून दुसऱ्या प्रकारे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी जी पोलिश वसाहत वसली, तिच्याविषयी मराठीत जे बोलले जाते ते बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे आहे. अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. मात्र त्याच्या भरात मूळ हकीकत पुसट होऊ लागली, की ती पुन्हा नीट मांडणे आवश्यक ठरते. या लेखात आम्ही तेवढेच करू पाहत आहोत.

हकीकतीचा आरंभ १९३९ सालचा. त्या वर्षी १ सप्टेंबरला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या. देशाचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडच्या भागातील जमीनदार, वनरक्षक, शिक्षक, पोलीस, लष्करी अंमलदार आणि विशेषतः सीमाभागात वसवलेले माजी सैनिक हे सारे नव्या सत्तेला नकोसे होते. फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार मोठ्या लाटांत त्यांना कुटुंबांसह मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील जंगलांत पाठवण्यात आले. त्यांची नेमकी संख्या आजही वादग्रस्त आहे. सोव्हिएत दप्तरांवरून निघणारा आकडा तीन लाखांच्या वर जातो, तर पूर्वीचे पोलिश अंदाज त्याच्या कितीतरी पट होते. आकडा कोणताही धरला तरी थंडीत आणि उपासमारीत माणसे मेली, आणि त्यांत मुले व वृद्ध अधिक होते, यात शंका नाही.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर चढाई केली आणि कालचे शत्रू एकाएकी दोस्त झाले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात सिकोर्स्की-मायस्की करार झाला. त्यानुसार कैदेतील पोलिश नागरिकांना ‘माफी’ देण्यात आली. गुन्हा कोणता ते कधी कोणी सांगितले नव्हते. माफी मात्र मिळाली. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभारण्याची परवानगीही मिळाली. ही बातमी लागताच शेकडो कोसांवरून माणसे दक्षिणेकडे निघाली. सैन्य जिथे आहे तिथे अन्न असेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. पोटच्या पोरांना अनाथालयाच्या दाराशी सोडून देणाऱ्या आयाही त्यांत होत्या, कारण अनाथ ठरलेल्या मुलाला देशाबाहेर जाणाऱ्या गाडीत जागा मिळण्याचा संभव अधिक होता.

हे सैन्य इराणात हलवायचे ठरले आणि समुद्र या कथेत आला. कॅस्पियनच्या पूर्व किनाऱ्यावरील क्रास्नोव्होद्स्क बंदरातून इराणच्या पहलवी बंदरापर्यंत, म्हणजे आजच्या अंझलीपर्यंत, १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा ही वाहतूक झाली. तेलवाहू आणि मालवाहू जहाजांच्या डेकवर माणसे दाटीवाटीने उभी होती. हगवण आणि टायफस यांनी ग्रासलेल्यांना वाटेत आडवे होण्यापुरतीही जागा नव्हती. वाटेत मेलेल्यांना समुद्रातच सोडावे लागले. दोन्ही खेपा मिळून सुमारे १,१५,००० माणसे पलीकडे उतरली. त्यांत ३७ हजारांहून अधिक नागरिक होते आणि त्या नागरिकांत सुमारे १८ हजार मुले.

पहलवीच्या वाळूत तंबूंची दोन गावे उभी राहिली होती. एक आजाऱ्यांचे, एक निरोग्यांचे. आलेल्यांचे केस कापण्यात आले, त्यांना आंघोळ घालण्यात आली आणि उवांनी भरलेले कपडे जाळण्यात आले. दोन वर्षे उपाशी राहिलेल्या पोटांना एकदम चरबीयुक्त सूप आणि डब्यातले मांस मिळाले, ते सोसले नाही. मुक्तीच्या किनाऱ्यावर अन्न खाऊन माणसे मेली. अंझलीच्या पोलिश दफनभूमीत सहाशेहून अधिक थडगी आहेत. स्थानिक इराणी लोकांनी खजूर, मिठाई आणि कपडे देऊन या परक्यांना जी माया लावली, तिची आठवण बहुतेक वाचलेल्यांनी पुढे लिहून ठेवली. इस्फहानला तर ‘पोलिश मुलांचे शहर’ असे नाव पडले.

इराण हा कायमचा मुक्काम होऊ शकत नव्हता. तेथे युद्ध जवळ होते आणि धान्य अपुरे. मग जगाच्या नकाशावर जागा शोधणे सुरू झाले. पूर्व आफ्रिकेतील टांगानिका आणि युगांडा, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान यांच्याकडे माणसे वाटली गेली. त्यांच्या वाटा अनेकदा आपल्या किनाऱ्यावरून गेल्या. १९४३ मध्ये सुमारे सातशे निर्वासित मुंबईहून बोटीने पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोकडे रवाना झाले. १९४४ मध्ये न्यूझीलंडने स्वीकारलेली ७३३ मुले इराणच्या आखातातून मुंबईस आली आणि येथे बोट बदलून वेलिंग्टनला पोहोचली. कराचीच्या कंट्री क्लबच्या माळावर मोठी संक्रमण छावणी होती. पुढच्या कोणत्या बोटीत आपले नाव लागते याची वाट पाहत माणसे तेथे महिनोन्‌महिने राहिली.

हिंदुस्थानातील आसऱ्याची पहिली कथा नवानगरची आहे आणि तिच्याभोवती एक दंतकथा तयार झाली आहे. मुलांनी भरलेले एक जहाज बंदराबंदरांतून हाकलले गेले, मुंबईच्या गव्हर्नरांनीही नाकारले आणि अखेर जामसाहेबांनी आपले बंदर उघडले, अशी ती कथा. ऐकायला ती भारावून टाकणारी आहे, पण घडले ते वेगळे. पहिली तुकडी समुद्रमार्गे आलीच नाही. १९४२ च्या वसंतात मुलांना अश्गाबादहून मशहदमार्गे ट्रकांतून क्वेट्यापर्यंत आणण्यात आले. खडतर डोंगरी रस्त्याच्या या प्रवासात विख्यात गायिका हांका ओर्डोनुव्हना त्यांच्याबरोबर होत्या. पुढे रेल्वेने ती मुले मुंबईस आली, वांद्र्याला काही काळ राहिली आणि त्याच वर्षी जामनगरजवळ बालाचडी येथे बांधलेल्या छावणीत गेली. जामसाहेब दिग्विजयसिंहजींचे मोठेपण या तपशिलाने तसूभरही कमी होत नाही. नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी इतर संस्थानिकांना मदतीस प्रवृत्त केले, स्वतःची जागा दिली आणि मुले त्यांना ‘बापू’ म्हणत, ही वस्तुस्थिती पुरेशी आहे.

वळिवड्याची हकीकतही अशीच तपासून घ्यावी लागते. ‘कोल्हापूरच्या महाराजांनी पाच हजार पोलिशांना आश्रय दिला’ हे वाक्य आपण सहज लिहितो. परंतु छत्रपती राजाराम महाराजांचे निधन १९४० मध्येच झाले होते. १९४३ साली गादीवर दत्तक घेतलेले अल्पवयीन शिवाजी महाराज होते आणि कारभार राजप्रतिनिधी मंडळाकडे होता. १९४६ मध्ये हे बालमहाराज निवर्तले आणि १९४७ मध्ये देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले. इंदूर-देवासकडील आमच्या वाचकांना हा धागा परिचित आहेच. तेव्हा छावणीचा निर्णय एका राजाचा नव्हता. खर्च लंडनच्या पोलिश सरकारने सोसला, व्यवस्था हिंदुस्थान सरकारने केली, जमीन आणि आसमंत कोल्हापूर संस्थानाचा होता आणि शेजार होता करवीरच्या शेतकऱ्यांचा व दुकानदारांचा.

१९४३ च्या मध्यास पहिल्या तुकड्या वळिवड्याला आल्या. पंचगंगेच्या आसमंतात, रेल्वेमार्गालगत कौलारू बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि पाहता पाहता सुमारे पाच हजार वस्तीचे पोलिश गाव झाले. बहुतांश वस्ती बायकांची आणि मुलांची. पुरुष अँडर्सच्या सैन्याबरोबर निघून गेले होते. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या होत्या, चूल वेगळी होती आणि खर्चासाठी भत्ता मिळे. चर्च होते, इस्पितळ होते, अनाथालय होते, प्राथमिक शाळांपासून माध्यमिक विद्यालयापर्यंत सर्व शिक्षण पोलिश भाषेत होते. स्काउटांची पथके होती, नाटके होत. क्षयाची बाधा असलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवले जाई. भाजीवाले आणि फेरीवाले व्यवहारापुरती पोलिश बोलू लागले. काही तरुणींनी येथील तरुणांशी विवाह केले आणि त्या कायमच्या इथल्या झाल्या.

या वसाहतीच्या आधारासाठी काही विलक्षण माणसे उभी राहिली. मुंबईतील पोलिश कॉन्सल बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी मदतकार्याचा मोठा भार वाहिला. किराबाई पुढे भारतातच राहिल्या आणि त्यांचे उत्तरायुष्य हैदराबादेत गेले. वांदा दिनोव्स्का या थिऑसॉफिस्ट विदुषी युद्धापूर्वीच भारतात आल्या होत्या आणि ‘उमादेवी’ या नावाने गांधीजींच्या परिवारात वावरत होत्या. छावणीतील मुलांना त्या ज्या देशात आली आहेत त्या देशाची ओळख करून देऊ लागल्या. मॉरिस फ्रिडमन यांच्यासह त्यांनी भारत-पोलिश ग्रंथमाला उभी केली. औंध संस्थानातील स्वराज्याच्या प्रयोगाशी निगडित असलेले आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी प्रवचने इंग्रजीत नेणारे फ्रिडमन ते हेच. उमादेवींनी पुढे तिबेटी निर्वासितांची सेवा केली.

युद्धाचा आणखी एक धागा बेळगावकरांच्या ओळखीचा आहे. वळिवड्यातील बायका ज्यांच्या पत्रांची वाट पाहत, ते पोलिश सैनिक १९४४ मध्ये मॉन्टे कॅसिनोला आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर लढत होते. त्याच सेनिओच्या लढाईत, शेजारच्याच आघाडीवर, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इटलीत एकाच सेनेच्या झेंड्याखाली लढणाऱ्या दोन पलटणींपैकी एकीची कुटुंबे दुसरीच्या मुलखात राहत होती.

येथे एक अप्रिय प्रश्न टाळता येत नाही. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. त्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रह्मदेशातून काही लाख हिंदी निर्वासित परतले. बोटींत आणि विमानांत जागा मिळताना युरोपियनांना झुकते माप मिळाले आणि गरीब हिंदी मजूर जंगलवाटांनी पायी आले, त्यांतील हजारो वाटेतच संपले. ज्या सरकारने वळिवड्याच्या बराकी नेटक्या बांधल्या त्याच सरकारची ही दुसरी बाजू होय. याचा दोष पोलिश माता आणि मुलांवर येत नाही. त्यांच्याइतके निराधार त्या काळी कोणी नव्हते. परंतु आश्रय कोणाला, किती आणि कसा मिळतो हे केवळ दयेवर ठरत नाही, मित्रराष्ट्रांची गरज आणि वर्णही त्यात बोलतो, हे या हकीकतीतून दिसते. आतिथ्याचे श्रेय घेताना एवढे भान असावे, असे आम्हांस वाटते.

युद्ध संपले तेव्हा या लोकांसाठी घर उरले नव्हते. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देण्यास मान्यता मिळाली. ज्या ल्वूफ, विल्नोच्या परिसरातून ही माणसे उचलली गेली होती तो परिसरच परदेश झाला. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीचा पालक नाहीसा झाला. आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी भार उचलला. १९४६ मध्ये बालाचडीची उरलेली मुलेही वळिवड्यास आली. परत जावे, तर ज्या सत्तेने सैबेरियाला धाडले तिच्याच छायेतील देशात जावे लागणार. न जावे, तर जावे कोठे? थोडे जण पोलंडला परतले. १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्यामुळे सैनिकांच्या कुटुंबांना ब्रिटनचे दार उघडले; इतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा दिशांना पांगले. १९४८ मध्ये वसाहत रिकामी झाली.

आणि मग त्याच बराकींत दुसरी माणसे आली. फाळणीनंतर सिंधमधून हिंदू कुटुंबे निघाली होती. त्यांतील कित्येक कराचीहून बोटीने मुंबई, ओखा, वेरावळच्या धक्क्यांवर उतरली होती. वळिवड्याची छावणी त्यांना मिळाली आणि तिचे गांधीनगर झाले. ज्या कराचीतून पोलिश आले त्याच कराचीतून सिंधी आले. एकांनी पाच वर्षांत मुक्काम हलवला. दुसऱ्यांनी तेथे कापडाची अशी बाजारपेठ उभारली की आज सारा दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभाग तिच्यावर खरेदी करतो. मराठी जनमानसात पोलिशांची आठवण कौतुकाची आहे; सिंध्यांविषयी मात्र आपण बहुधा व्यापारापुरतेच बोलतो. दोघांचे दुःख एकाच जातीचे होते, हे आपण ध्यानात घेत नाही.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिशांचे स्मारक आहे, २०१९ मध्ये वळिवड्यासही स्मृतिस्तंभ उभारला गेला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकास पुष्पचक्र वाहिले. स्मारके झाली ती योग्यच झाली. कागदपत्रांचे काम मात्र अपुरे आहे. बालपणी वळिवड्यास राहिलेल्यांनी पोलिश आणि इंग्रजीत आपल्या आठवणी संकलित केल्या. या बाजूचे, म्हणजे दूधवाल्याचे, शिंप्याचे, स्टेशनमास्तरचे, संस्थानी कारकुनाचे म्हणणे मराठीत फारसे उतरलेले नाही.

आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिली आहेत. आपले पूर्वज फौजेबरोबर, कारकुनीसाठी वा पौरोहित्यासाठी गेले. त्यांच्यामागे कोणी लागले नव्हते आणि मूळ गावाची वाट खुली होती. तेव्हा निर्वासितांशी आपली बरोबरी आम्ही करणार नाही. पण मुलांना घरची भाषा कोणत्या शाळेत शिकवायची, सण कोणत्या अंगणात करायचे, हा वळिवड्याच्या मातांना पडलेला प्रश्न आपल्या आज्यांनाही निराळ्या रूपात पडला होता. म्हणूनच वाचकांस विनंती आहे की, ज्यांच्या घरी कोल्हापूर, मिरज, बेळगाव वा पाचगणीकडील त्या काळची पत्रे, छायाचित्रे किंवा हिशेबाच्या वह्या असतील, त्यांनी त्या एकदा पेटीतून बाहेर काढून पाहाव्यात. ‘पोलंडवाले’ असा एखादा शब्द त्यांत सापडला, तर तो कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला हे टिपून ठेवावे. त्या पिढीतील आता मोजकेच लोक उरले आहेत.