पेंढ्याचा पोपट आणि दोऱ्याचा पोपट

१८५१ च्या उन्हाळ्यात लंडनला आलेल्या माणसाला दोन प्रदर्शने पाहता आली असती. हाइड पार्कातील काचमहालात भरलेल्या महाप्रदर्शनात एलेनॉर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंचे क्रोशाकाम मांडलेले होते. त्याला पदकही मिळाले. त्याच वेळी रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने पेंढा भरलेले हमिंगबर्ड काचेच्या पेट्यांत मांडले होते. ते पाहायला सुमारे ७५ हजार लोक आले, त्यांत राणी व्हिक्टोरियाही होती. एकीकडे दोरा आणि दुसरीकडे पीस. या दोन्ही वस्तू पुढे एकाच ठिकाणी, म्हणजे मध्यमवर्गीय घराच्या बैठकीच्या खोलीत जाऊन बसल्या. आज दुकानांत, जत्रांत, बाळाच्या पाळण्यापाशी दिसणारा क्रोशाचा छोटा रंगीत पोपट हा या दोन्ही वस्तूंचा वारस आहे. त्या वारशाचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडलेला नाही.

आपली भाषा येथे एक भेद पाळते. मेलेल्या जनावरात आपण 'पेंढा भरतो', खेळण्यात 'कापूस भरतो'. इंग्रजीत दोहोंना एकच क्रियापद चालते. मराठीत मात्र 'पेंढा भरलेला पोपट' म्हटले की तो पूर्वी जिवंत होता हे आपोआप कळते.

उष्ण प्रदेशातील पक्षी युरोपच्या घरांत टिकू लागले त्यामागे एक रासायनिक कारण होते. कातडे किडे खातात. अठराव्या शतकात फ्रान्समधील बेकर या औषध-व्यावसायिकाने आर्सेनिकयुक्त साबण तयार केला आणि त्याची कृती पुढे प्रसिद्ध झाल्यावर पक्ष्यांची कातडी वर्षानुवर्षे राखणे शक्य झाले. वसाहतींतून येणाऱ्या पक्ष्यांचा ओघ वाढत होताच. १८३० ते १८३२ या काळात एडवर्ड लियरने पोपटांच्या चित्रांचे पुस्तक काढले, तेव्हा तो विशीही ओलांडलेला नव्हता (आपल्या अभ्यासक्रमात तो फक्त विनोदी पद्यापुरता येतो, हे जाता जाता). पुढे बर्लिन लोकरीच्या भरतकामात पोपट आणि मॅकॉ हे आवडते नमुने झाले. म्हणजे त्या खोलीत दोऱ्याचा पोपटही होता. पण तो कापडावर सपाट बसलेला होता. ज्याला जाडी होती, जो हातात घेता येत होता, तो खऱ्या कातड्याचा.

त्या पोपटाचे वाङ्मयातील सर्वांत लक्षात राहणारे रूप फ्लोबेरने दिले. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या 'तीन कथां'पैकी 'अँ कर सँप्ल' या कथेतील फेलिसिते ही मोलकरीण आपला लाडका पोपट मेल्यावर त्यात पेंढा भरून घेते आणि अखेरीस तिच्या मनात तो आणि पवित्र आत्मा एक होऊन जातात. ही कथा लिहिताना फ्लोबेरने रुआँच्या संग्रहालयातून एक पोपट उसना आणून टेबलावर ठेवला होता, आणि त्याच पोपटाच्या शोधावर जूलियन बार्न्सने १९८४ मध्ये आख्खी कादंबरी उभी केली. आपण वर्गात ही कथा शिकवतो तेव्हा श्रद्धा, उपरोध, प्रतीक यांवर बोलतो. फेलिसितेचा पगार कथेच्या आरंभीच सांगितलेला आहे, वर्षाला शंभर फ्रँक, त्याकडे क्वचितच लक्ष देतो. तो आकडा येथे नोंदवून ठेवू, कारण पुढे आपल्याला पुन्हा पैशांकडेच यायचे आहे. कथेतल्या पोपटालाही शेवटी कीड लागते.

पक्ष्यांची दुसरी वाट डोक्यावरून गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायकांच्या टोप्यांवर पिसे, पंख, कधी कधी सबंध पक्षीच बसवण्याची फॅशन आली आणि तिच्यापायी पक्ष्यांची प्रचंड कत्तल झाली. तिला विरोध करायलाही बायकाच पुढे आल्या. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी पक्षिरक्षणासाठी जी संस्था काढली तिलाच पुढे राजसनद मिळाली. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची पिसे व कातडी यांच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि १९२१ मध्ये ब्रिटनने आयातीविरुद्ध कायदा केला. पोपटाच्या जिवाची किंमत अशी सार्वजनिक चर्चेत आली आणि कायद्याच्या पुस्तकात चढली. दोऱ्याच्या बाबतीत असे कधी झाले नाही.

क्रोशा ही फार प्राचीन कला असावी असा आपला समज असतो. प्रत्यक्षात १८०० पूर्वीचा तिचा निर्विवाद पुरावा हाती नाही. इजिप्तच्या थडग्यांत सापडलेले मोजे पुष्कळदा क्रोशाचे म्हणून सांगितले जातात, पण ती डोळ्याच्या सुईने केलेली वेगळीच वीण आहे. स्कॉटलंडच्या एलिझाबेथ ग्रँट यांच्या आठवणींत १८१२ च्या सुमारास 'मेंढपाळांचे विणकाम' असा उल्लेख येतो. छापील नमुने १८२३-२४ मध्ये 'पेनेलोप' या डच नियतकालिकात दिसू लागतात. नियतकालिकाचे हे नाव किती बोलके आहे! दिवसा विणून रात्री उसवणारी पेनेलोप, जिच्या कामाला शेवट नाही आणि मोलही नाही. क्रोशा ही छापखान्याच्या युगातली कला आहे. आजीकडून नातीकडे जाण्याआधी ती मासिकातून गृहिणीकडे गेली. रिएगोबाईंचे नाव राहिले तेही त्यांनी नमुन्यांची पुस्तके छापली म्हणून.

याच काळात आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजले, दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. तेव्हा जोगिणींच्या मठांनी व धर्मगुरूंच्या घरांतील स्त्रियांनी गावोगावच्या बायकांना क्रोशा शिकवला. कॉर्क आणि क्लोन्स ही त्याची केंद्रे झाली. फुले व पाने सुटी विणायची आणि मग जाळीने जोडायची, ही आयरिश लेसची रीत. एक बाई फूल करते, दुसरी पान, तिसरी जोडते. सबंध गळपट्टी कोणाचीच नसते. ती विकणाऱ्याची होते. बैठकीच्या खोलीत जो विरंगुळा होता, तोच झोपडीत पोटाचा आधार होता. सुई तीच, टाकाही तोच.

आता प्रत्यक्ष पोपटाकडे येऊ. सपाट लेसपासून गुबगुबीत पक्ष्यापर्यंतची वाट जपानमधून जाते. 'आमिगुरुमी' या जपानी शब्दात 'विणणे' आणि 'भरलेली बाहुली' यांचा जोड आहे. हा प्रकार तेथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला आणि २००० नंतर इंटरनेटवरून जगभर गेला. त्याची युक्ती साधी आणि देखणी आहे. दोऱ्याच्या कड्यात सहा मुके खांब घालायचे. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. मुका खांब जवळजवळ चौकोनी असतो, म्हणजे जितका उंच तितकाच रुंद; त्यामुळे प्रत्येक फेरीत परीघ सहाच्या आसपास टाक्यांनी वाढला की चकती सपाट राहते. परिघ आणि त्रिज्या यांचे शाळेत शिकलेले नातेच हे. वाढ थांबवली की कड उभी राहते आणि पोपटाचे डोके तयार होऊ लागते. खाली लाल रंग सोडून पिवळा, मग निळा घेतला की मॅकॉ झाला. टाके घटवत आणायचे, तोंड मिटण्यापूर्वी कापूस ठासायचा. चोच, पंख, शेपटी निराळी विणून टाचायची. वाढ गरजेपेक्षा जास्त केली तर कड चुणीदार होते. त्याच चुण्यांचा उपयोग करून कॉर्नेल विद्यापीठात डायना टाइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये अतिपरवलयी भूमितीचे प्रतल क्रोशाने विणून दाखवले. गणिताच्या वर्गात शिरल्यावर क्रोशाला ज्ञान म्हणून मान मिळाला. पोपटाचे गोल डोके करणाऱ्या हाताजवळही तेच ज्ञान आहे, हे कोणी म्हणत नाही.

आणि येथे एक महत्त्वाची गोष्ट येते. स्वेटरची वीण यंत्रावर कधीच गेली, लेसही यंत्रावर निघते. खऱ्या क्रोशाचे कारखानी उत्पादन करणारे यंत्र मात्र अद्याप उभे राहिलेले नाही. प्रयोगशाळांत प्रयत्न चालू आहेत. बाजारात दिसते ती क्रोशाची नक्कल करणारी दुसरीच वीण. याचा अर्थ, आपण विकत घेतो तो क्रोशाचा प्रत्येक पोपट, कितीही स्वस्त असला तरी, कोणीतरी हाताने विणलेला असतो. सराईत हातालाही त्यासाठी काही तास बसावे लागते. त्या तासांना विणणाऱ्या हाताच्या मानाने काय पडत असेल, याचा अंदाज चिठ्ठीवरच्या किमतीवरून ज्याने त्याने करावा.

असा हिशेब एकदा नीट मांडला गेला, तोही आपल्या शेजारच्या प्रांतात. आंध्रच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आणलेली क्रोशाची लेस पुढे निर्यातीचा मोठा धंदा झाली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथे राहून केलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. आयर्लंडसारखीच तेथेही कामाची वाटणी होती: कोणी फुले विणणारी, कोणी जोडणारी. दिवसाचे सहा-आठ तास लेसला देऊनही या बायकांची मिळकत शेतमजुरीपेक्षा कमी होती; दलाल आणि निर्यातदार मात्र श्रीमंत झाले होते. हे शक्य कसे झाले? मीस यांचे उत्तर असे की, त्या कामगार नाहीत, घरी बसलेल्या गृहिणी आहेत आणि 'फावल्या वेळात' विणतात, असे सगळ्यांनी धरून ठेवले होते; पुष्कळदा त्या बायकांनीसुद्धा. मला हा 'फावला वेळ' या शब्दप्रयोगाचा इतिहास वाटतो. जो शब्द लंडनच्या बैठकीच्या खोलीत खरा होता, तो नरसापूरच्या ओसरीवर आणून बसवला आणि त्याच्या आडोशाने मजुरी कापली.

आपल्याकडे रुखवताच्या टेबलावर क्रोशाचे रुमाल, मण्यांचे पोपट, पाळण्यावर टांगायचे चिमणाळे मांडलेले असते. पाहुणे 'मुलीच्या हातात कला आहे' असे म्हणतात. चिमणाळ्यातले कापडी राघू चिंध्या आणि कापूस भरून केलेले असत. त्यांची विक्री व्हावी अशी अपेक्षाच नसे, म्हणून त्यांच्या बाबतीत किमतीचा प्रश्न उद्भवत नव्हता. आता तेच हात क्रोशाचे पोपट विणून मोबाइलवर फोटो टाकतात आणि किंमत सांगायची वेळ आली की दोऱ्याचे पैसे अधिक थोडेसे, असे म्हणून थांबतात. गिऱ्हाईकही घासाघीस करताना 'घरीच तर केलेय' हेच म्हणते.

नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. तीमुळे दुसऱ्या गावच्या मालाला नरसापूरचे नाव लावता येणार नाही. एका फुलाला किती मजुरी द्यायची, हे मात्र अशा नोंदीत लिहिलेले नसते. ते अजून दलाल आणि विणणारी बाई यांच्यात, ओसरीवरच ठरते.