बक्षीसपत्राचं गाव

दार्जिलिंगला नेहरू रोडवर एका बेकरीच्या पोटातल्या बारमध्ये बसलो होतो. वर केकचा वास, खाली रमचा. त्यामुळे ‘जरा पाव घेऊन येतो’ असं सौ.ला सांगून निघालेला गृहस्थ अगदीच खोटा ठरत नाही. खिडकीत धुकं, पोटात ऊब. अशा वेळी लोकांना कविता सुचतात म्हणे. मला दस्तऐवज आठवतात.

हे गावच मुळी एका कागदावर उभं आहे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी सिक्कीमच्या राजानं हा डोंगर ईस्ट इंडिया कंपनीला दिला. का, तर कंपनीच्या आजारी नोकरांना थंड हवा हवी आणि राजाची दोस्ती! मोबदला शून्य. आमच्या बँकेत दोस्तीखात्यात कोणी टाचणीसुद्धा देत नाही. पुढे १८४१ पासून राजाला सालिना तीन हजार रुपये मिळू लागले, १८४६ पासून सहा. १८४९ मध्ये सिक्कीमच्या दिवाणानं डॉ. कॅम्पबेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांना अडकवून ठेवलं. झालं! १८५० मध्ये कंपनीनं सहा हजार बंद केले, वर तराईही घेतली. आजारी नोकर एव्हाना ठणठणीत झाले असावेत.

बारपासून चौरस्ता जवळच. त्यामागे महाकालची टेकडी. तिथल्या बौद्ध मठावरून गावाला ‘दोर्जे लिंग’ नाव पडलं. मठ नंतर भुतिया बस्तीत हलला. नाव साहेबाच्या जिभेला पेलेल एवढंच उरलं.

मी पाव घ्यायला वर गेलो. बेकरी बंद झाली होती.