तंजावरची पाती आणि माझे कपाट

आरतीनंतर प्रसादाला घरी येणाऱ्या मंडळींची नजर हमखास आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाकडे जाते. "काय हो, मागे तर साठ-पासष्ट सुऱ्या होत्या. आता अकराच? विकल्या की काय?" हा प्रश्न गेली काही वर्षे ठरलेला आहे. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाच्या चिटणीसांचा आग्रह झाला, तेव्हा म्हटले याच प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहून टाकावे. त्या निमित्ताने आपण ज्या गावात पोट भरतो, त्या तंजावरच्या इतिहासाचे एक पान उलगडेल.

वाचकांपैकी निम्मे तरी माझ्यासारखेच गलाईवाले आहेत. खानापूर-आटपाडीकडून आलो, भट्टी लावली, सोने-चांदी आटवू लागलो आणि इथलेच झालो. आमच्या धंद्यात वस्तू कशी आहे हे कोणी विचारत नाही. वजन किती आणि टंच किती, एवढेच पाहायचे. माझा छंदही तसाच सुरू झाला. दिसली सुरी की घे. तिरुपाच्चीचा अरुवाळ, कूर्गची पीचेकत्ती, नेपाळची खुकरी, एक रामपुरी चाकू, मुलाने परदेशातून आणलेली लाल मुठीची घडीची सुरी, असे काय वाटेल ते. आकडा पन्नाशीच्या पुढे गेला तेव्हा छाती फुगली. पण कोणी "ही कुणाची? ती कुठली?" असे विचारले की सांगायला काही नसे. किंमत तेवढी सांगता येई.

डोळे उघडले ते एका चुकीने. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक तरुण गिऱ्हाईक जुना खंजीर घेऊन आला. वीतभराहून लहान पाते, मुठीला चांदीचा पत्रा मढवलेला. त्याला फक्त चांदीचे पैसे हवे होते. पत्रा काढला, मुशीत टाकला, पैसे दिले. पाते "राहू द्या तुम्हाला" म्हणून तो निघून गेला. संध्याकाळी त्याचे वडील आले. ऐंशीच्या आसपासचे, काठी टेकत. त्यांनी मोठ्या अदबीने तमिळमध्ये विचारले, "अय्या, त्या मुठीवर काही अक्षरे होती. आमच्या घरात कुणाला वाचता येत नव्हती. माझे आजोबा ती मोडी आहे म्हणायचे. तुम्ही मराठी माणसे, तुम्हाला वाचता आली का?"

मला मोडी येत नाही. पण सरस्वती महाल ग्रंथालय दुकानापासून दहा मिनिटांवर. तिथे मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत आणि ते वाचणारे जाणकारही होते. तेवढे चालायचे कष्ट मी घेतले नव्हते. मी त्यांना खरे काय ते सांगितले. ते बराच वेळ बसून राहिले. मग पाणी प्यायले आणि गेले.

त्यानंतर चेन्नईला कामासाठी गेलो असताना मुद्दाम एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात गेलो. १८५१ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात तंजावरच्या राजवाड्यातली शस्त्रे आहेत, हे ऐकून होतो. कट्यारी पाहून थक्क झालो. पोलादाच्या जाळीदार नक्षीच्या मुठी, हाताच्या पाठीवर नागाच्या फण्यासारखी येणारी ढाल, त्यावर कोरलेले याळी. आपल्या मंदिरांच्या खांबांवर दिसणारे तेच याळी! कित्येक कट्यारींना पाते मात्र युरोपातले. फिरंगी तलवारीचे तुकडे रिपिटांनी जोडलेले. म्हणजे मूठ तंजावरच्या लोहाराची, पाते सातासमुद्रापलीकडचे, आणि कमरेला खोवणारा मराठा नाही तर नायक सरदार. एवढ्याशा वस्तूत तीन मुलुख.

पण ही शस्त्रे तिथे कशी पोहोचली, हे कळले तेव्हा मला माझी भट्टी आठवली.

तंजावरच्या नायकांची सत्ता १६७३ मध्ये संपली आणि १६७६ मध्ये व्यंकोजीराजे भोसले गादीवर बसले. नायकांचे शस्त्रागार भोसल्यांकडे आले आणि त्यात भर पडत गेली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रसंतान नसताना वारले. कंपनी सरकारने राज्य खालसा केलेच, शिवाय राजवाडा आणि त्यातल्या चीजवस्तूंवरही टाच आणली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. हे प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले आणि १८५९ मध्ये निकाल लागला, की ही राज्यसत्तेची कृती आहे, त्यात न्यायालयाला हात घालता येत नाही. त्यानंतर १८६० च्या दशकात शस्त्रागार मोडले गेले. उत्तम वाटली ती शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयासाठी निवडली, काही इकडेतिकडे गेली आणि बाकीचा प्रचंड ढीग तोडून मोडीच्या भावाने विकला. मद्रास इलाख्यात नोकरी केलेल्या वॉलहाऊस नावाच्या अधिकाऱ्याने १८७८ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात तंजावरच्या जुन्या शस्त्रागारावर लेख लिहिला, पण तोवर बहुतेक सगळे संपले होते. पुढे २००४ साली रॉबर्ट एल्गूड यांनी या शस्त्रांचा अभ्यास करून मोठा ग्रंथ लिहिला, तो उरलेल्या वस्तूंच्या आधारावर.

विचार केला तर ढीग तोडणाऱ्यांनी वेगळे काय केले? वजन पाहिले, टंच पाहिला. मी त्या खंजिराच्या मुठीचे तेच केले. आणि माझ्या कपाटातल्या पन्नास-साठ सुऱ्या म्हणजे तरी काय, न तोडलेला ढीगच!

ढिगाचा संग्रह कसा होतो, हे शिकायला मला दोन माणसे उपयोगी पडली. पहिला अमेरिकेतला जॉर्ज कॅमेरॉन स्टोन. हा पेशाने धातुतज्ज्ञ, म्हणजे एका अर्थी आपल्याच बिरादरीतला. त्याने आशियातली शस्त्रे जमवली, पण नुसती जमवली नाहीत. प्रत्येक शस्त्राचे त्याच्या मुलखातले नाव काय, ते बनते कसे, वापरतात कसे, हे त्याने टिपले आणि १९३४ मध्ये जगभरच्या शस्त्रांचा कोश छापला. १९३५ मध्ये तो वारला आणि त्याचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला मिळाला. त्याचा प्रश्न ठरलेला होता : याला म्हणतात काय आणि हे चालते कसे?

दुसरे आपले पुण्याचे दिनकर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली. राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा त्यांना ओढ होती ती घरातल्या वस्तूंची : दिवे, वज्री, फणी-करंड्याच्या पेट्या, कुलपे आणि अडकित्ते. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९६२ मध्ये सगळे शासनाच्या हवाली केले. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत. मी पुण्याला गेलो तेव्हा अडकित्त्यांच्या कपाटापुढे तासभर उभा होतो. घोडा, पोपट, राजा-राणी, एकेक अडकित्ता म्हणजे एकेक घर. सुपारी कातरण्याच्या साध्या हत्याराकडे असे पाहता येते, हे तिथे कळले. केळकरांचा प्रश्न होता : आपली माणसे रोज हातात काय धरत होती?

परत येताना गाडीत मी माझा प्रश्न ठरवला. राजवाड्यातली शस्त्रे मला परवडणार नाहीत आणि ती संग्रहालयातच शोभतात. पण तंजावरच्या घरांत जी पाती रोज वापरली गेली, आणि ज्यांच्याबद्दल सांगणारे माणूस आज समोर बसले आहे, तेवढीच मी घेईन. सांगणारे नसेल तर वस्तू कितीही देखणी असो, नको. या एका नियमाने पन्नासाहून अधिक सुऱ्या कपाटातून गेल्या. काही मित्रांना दिल्या, काही विकल्या.

आता काय आहे? सहा अडकित्ते आहेत. तमिळमध्ये याला पाक्कुवेट्टी म्हणतात. आपल्याकडे सुपारीचे खांड करतात, इथे सुपारी कागदासारखी पातळ सोलून 'सीवल' करतात. कुंभकोणम्‌चे पान आणि सीवल, यावर तंजावर जिल्ह्याची जेवणे संपतात. माझ्याकडच्या एका अडकित्त्याचे पाते इतक्या वेळा धार लावून झिजले आहे की ते मुळात केवढे होते ते कळत नाही. ज्या पाट्टींनी तो दिला, त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचे दात गेल्यावर त्या रोज यानेच सुपारीचा भुगा करीत."

दोन विळ्या आहेत. एक तंजावरी मराठी घरातली, खोबरे खवण्याच्या दात्यांसह. दुसरी शेजारच्या तमिळ घरातली अरिवाळमनै. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कुणाची कोणती, हे गृहिणींनाही चटकन सांगता येत नाही. दोन एळुत्ताणी आहेत. ताडपत्रावर अक्षरे कोरायची ही लोखंडी लेखणी. एका टोकाला अणकुची आणि दुसऱ्या टोकाला पत्राच्या कडा कापायला घडीचे छोटे पाते. सरस्वती महालातल्या ताडपत्रांच्या पोथ्या अशाच हत्यारांनी लिहिल्या गेल्या. सुरी म्हटली की आपल्याला भोसकणेच आठवते. ही सुरी ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या हातातली.

ज्यांना असा नाद आहे किंवा लावून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. पहिले, वस्तू घेतानाच चिठ्ठी लिहा : कुणाची, कुठल्या घरातली, कशासाठी वापरली, कोणी सांगितले, तारीख. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली, तेव्हा आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला देण्यात आली असे पेटीवर लिहिले आहे. पण तीच शिवरायांच्या हातातली, हे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. एवढ्या मोठ्या वस्तूची ही गत, तर आपल्या घरच्या अडकित्त्याचे काय? दुसरे, जुने पोलाद घासूनपुसून चकचकीत करू नका. गंज सुटेल तेवढाच काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा हलका हात द्या. तिसरे, कायदा पाळा. घर-शेतीच्या कामाबाहेरची, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. आधी पोलीस ठाण्यात विचारावे. शंभर वर्षांवरील वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो आणि त्या परदेशी नेता येत नाहीत. हस्तिदंती मुठीच्या वाटेला जाऊच नका.

आणि आपल्या गलाई बांधवांना हात जोडून एक विनंती. मुशीत टाकण्यापूर्वी वस्तू एकदा उलटून पाहा. अक्षर दिसले, नाव दिसले, तर निदान फोटो काढा आणि सरस्वती महालात दाखवा. चांदी उद्याही वितळेल.

सहा अडकित्ते, दोन विळ्या, दोन एळुत्ताणी. हिशोब दहाचा झाला. अकरावे ते मूठ नसलेले पाते. चूक कळल्यावर मी ते मोडीच्या पेटीतून शोधून काढले आणि त्या वडिलांकडे परत द्यायला गेलो. त्यांनी ते हातात घेऊन पाहिले आणि पुन्हा माझ्याकडे दिले. म्हणाले, "आमच्या घरी ठेवले तर पुन्हा कोणीतरी विकेल. तुम्हीच ठेवा. पण मुठीचे काय झाले ते लिहून ठेवा." ते आता हयात नाहीत. पात्याशेजारी चिठ्ठी आहे. तिच्यावर त्यांच्या आजोबांची आठवण आहे आणि शेवटची ओळ माझ्या हातची : मुठीवर मोडी अक्षरे होती, ती न वाचताच मी आटवली.

यंदा प्रसादाला याल तेव्हा ती चिठ्ठी जरूर वाचा. आणि आपल्या घरात आजीचा अडकित्ता असेल तर तिला आजच बसवून विचारा.

गणपती बाप्पा मोरया!