बाळाला टोचतात ती पीसीव्ही लस आणि जिवाणूचं साखरेचं कवच

मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या कारणांत न्यूमोनियाचं नाव वर्षानुवर्षं येतं. त्याचा एक मोठा गुन्हेगार म्हणजे न्यूमोकोकस हा जिवाणू. त्याची ताकद अंगावरच्या साखरेत आहे. ही चहातली साखर नव्हे, तर ग्लुकोज, गॅलॅक्टोज अशा शर्करांच्या लांब माळा.

बहुतेक न्यूमोकोकस या माळा अशा ओवतात: पेशीच्या पडद्याच्या आतल्या बाजूला, एका स्निग्ध रेणूवर मोजक्या शर्करांचा तुकडा तयार होतो. तो पलटून बाहेर येतो. तिथे तुकड्याला तुकडा जोडला जातो आणि तयार माळ पेशीभित्तिकेला चिकटते. या कवचामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जिवाणू गिळता येत नाही. शर्करा किंवा त्यांची जोडणी बदलली की कवचाचा प्रकार बदलतो; असे 100 हून अधिक प्रकार आहेत.

लस याच साखरेपासून बनते. पण दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेला नीट दाद देत नाही, म्हणून ती प्रथिनाला जोडतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 2020 मध्ये आलेली ‘न्यूमोसिल’ 10 प्रकारांविरुद्ध आहे.

अमरावती असो की अकोला, सरकारी केंद्रात पीसीव्ही मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांनी. मात्र न्यूमोनिया इतर जंतूंमुळेही होतो. लस घेतलेल्या बाळालाही धाप लागली, श्वास घेताना छाती आत ओढली गेली, तर लगेच दवाखाना गाठावा.