सक्ती कोणावर?

‘शिक्षण’ हा शब्द आपण आज इतक्या सहजपणे वापरतो की, ते सर्वांसाठी असते हा विचारच एके काळी चमत्कारिक वाटत असे, याचे भान राहत नाही. शाळा होत्या, पंतोजी होते, पाठशाळा आणि मदरसे होते. परंतु गावातील प्रत्येक मूल, मग ते कुणब्याचे असो, महाराचे असो, मुलगा असो की मुलगी, शाळेत गेलेच पाहिजे आणि त्याची जबाबदारी राज्यकर्त्याची आहे, असे मानण्याची रीत आपल्याकडे नव्हती. ती कशी आली, कोणी आणली आणि तिला विरोध कोणत्या कारणांनी झाला, हा इतिहास दुभाषी प्रदेशात राहणाऱ्या आपणा मंडळींनी तर नीट समजून घेतलाच पाहिजे. कारण ‘शिक्षण कोणाला’ या प्रश्नाच्या पोटातच ‘शिक्षण कोणत्या भाषेत’ हा दुसरा प्रश्न दडलेला आहे.

वरून खाली झिरपणारे ज्ञान

१८१३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारने शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला काढावेत असे ठरले. हे लाख रुपये कोणावर आणि कसे खर्च करायचे यावर पुढे वीस-बावीस वर्षे खल झाला. १८३५ मध्ये मेकॉलेने इंग्रजीच्या बाजूने कौल दिला. त्यामागची कल्पना अशी की, वरच्या थरातील थोड्या लोकांना उत्तम इंग्रजी शिक्षण द्यावे, म्हणजे त्यांच्यापासून ते हळूहळू खालच्या थरांत झिरपेल.

मुंबई इलाख्यात मात्र वारे थोडे निराळे होते. एल्फिन्स्टनच्या काळापासून येथे देशी भाषांतून शाळा चालवण्याकडे आणि त्यासाठी पुस्तके तयार करण्याकडे कल होता. १८४० नंतर शिक्षण मंडळात यावरून मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे पुरस्कर्ते, तर कर्नल जार्व्हिस देशी भाषांचे. जगन्नाथ शंकरशेट यांनी जार्व्हिसची बाजू उचलून धरली. लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचे तर ते लोकांच्याच भाषेतून पोचेल, हे त्यांचे म्हणणे होते.

येथे आपल्या भागाशी निगडित असलेली एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. ‘लोकांची भाषा’ म्हणजे कोणती, हे ठरवताना त्या काळी धारवाड-बेळगावकडील कन्नड मुलांवर अन्यायच झाला. पेशवाईपासून दप्तराची भाषा मराठी, म्हणून शाळाही मराठी, असा प्रकार होता. घरी कन्नड बोलणारे मूल शाळेत मराठी अक्षरे गिरवी. डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी कन्नड शाळांसाठी खटपट केली, ती या पार्श्वभूमीवर. ज्या न्यायाने आज आपण आपल्या मुलांसाठी मराठी शाळा मागतो, तोच न्याय तेव्हा ते मागत होते.

फुल्यांचा हिशेब

झिरपण्याच्या या सिद्धांतावर सर्वांत रोखठोक हल्ला चढवला तो जोतीराव फुले यांनी. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी काय सोसले ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर कमिशनला जे निवेदन दिले, त्याची चर्चा मानाने कमी होते. वास्तविक आधुनिक भारताच्या शैक्षणिक विचारातील तो एक मूळ दस्तऐवज आहे.

फुल्यांनी प्रश्न दयेचा केला नाही, हिशेबाचा केला. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः रयतेच्या घामातून. शेतसाऱ्यावर लोकल फंडाची पट्टी बसते, तिचा एक भाग शिक्षणासाठी म्हणून घेतात. मग तो पैसा रयतेच्या मुलांवर खर्च न होता वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का खर्च व्हावा? वरचे शिकले म्हणजे खालच्यांना शिकवतील ही आशा इतक्या वर्षांत फळाला आलेली नाही, हे त्यांनी अनुभवाने दाखवून दिले.

त्यांच्या मागण्याही तितक्याच नेमक्या होत्या. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून तयार करावेत. प्रसंगी नांगर धरायला किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला ज्यांना कमीपणा वाटणार नाही, असे. त्यांना पगार बरा द्यावा. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे नियम शिकवावेत. सक्ती, शिक्षक, पगार, अभ्यासक्रम, पैसा ही पाचही सूत्रे एकत्र मांडणारा असा दुसरा आराखडा त्या काळात सापडणे कठीण. कमिशनने प्राथमिक शिक्षणाचे महत्त्व मान्य केले, पण ते स्थानिक मंडळांवर सोपवून सरकार मोकळे झाले. सक्तीचा विचार बाजूलाच राहिला.

बडोद्याचा प्रयोग

जे इंग्रज सरकारने केले नाही, ते एका देशी संस्थानिकाने करून दाखवले. सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ मध्ये दत्तक विधान होऊन ते बडोद्याच्या गादीवर बसले, तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. निरक्षर मुलाला शिक्षण मिळाले तर काय होऊ शकते, याचा दाखला त्यांना अन्यत्र शोधावा लागला नाही.

१८८१ च्या अखेरीस राज्यकारभार हाती आल्यावर त्यांनी एकदम सर्वत्र हुकूम सोडला नाही. १८९३ मध्ये राजधानीपासून दूर, काठेवाडातील अमरेली तालुक्यात दहा गावांपासून सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. अडचणी कोणत्या येतात, पैसा किती लागतो, आईबाप किती विरोध करतात, हे पाहत पाहत तो वाढवला आणि तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, साऱ्या संस्थानाला कायदा लागू केला. मुलग्यांसाठी सात ते बारा, मुलींसाठी सात ते दहा असे वय ठरले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. मुलींनाही सक्ती, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुण्यासारख्या शहरातही आधी मुलांनाच सक्ती करावी की मुलामुलींना एकदमच, यावरून १९२० च्या सुमारास केवढा वाद पेटला होता!

अस्पृश्य मुलांसाठी बडोद्यात शाळा निघाल्या, तेव्हा सवर्ण हिंदू शिक्षक तेथे जायला तयार होईनात. म्हणून आरंभी मुसलमान शिक्षक नेमावे लागले; पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांनी हे काम अंगावर घेतले. कायदा लिहिणे एक आणि त्यासाठी माणसे मिळणे दुसरे, हे यातून दिसते. शिकलेली मुले शाळा सुटल्यावर पुन्हा निरक्षर होतात, असेही ध्यानात आले. तेव्हा त्यावर उपाय म्हणून सयाजीरावांनी गावोगाव ग्रंथालये उभी करायला घेतली. १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावून आणले आणि पेट्यांतून गावोगाव हिंडणारी फिरती ग्रंथालये सुरू केली.

भाषेच्या बाबतीत बडोदे आपल्याला आणखी एक धडा देते. राजा मराठी, दरबारी आणि अधिकारी मंडळींत मराठी माणसे पुष्कळ; पण प्रजा मुख्यतः गुजराती. राजाची भाषा प्रजेवर लादणे त्याच्या हाती होते. त्याने तसे केले नाही. सक्तीच्या शाळा प्रामुख्याने गुजरातीतून चालल्या, आणि जेथे मराठी किंवा उर्दू बोलणारी वस्ती होती तेथे त्या त्या भाषेच्या शाळाही निघाल्या. शिक्षणाची सक्ती केली, भाषेची केली नाही. बडोद्याच्या मराठी कुटुंबांतून आज घरात मराठी आणि बाहेर गुजराती सारख्याच सहजतेने नांदताना दिसतात, त्याच्या मुळाशी हे धोरणही आहे असे मला वाटते.

गोखल्यांचे विधेयक

सयाजीरावांचे हे उदाहरण हाती घेऊन नामदार गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेमंडळात उभे राहिले. १९१० मध्ये त्यांनी ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजी विधेयक आणले. त्यांनी दिलेले आकडे बोलके होते. बडोदे संस्थानात लोकसंख्येच्या ८.६ टक्के मुले शाळेत, तर ब्रिटिश हिंदुस्थानात अवघी १.९ टक्के! मग जे एका संस्थानाला साधते ते एवढ्या मोठ्या साम्राज्याला का साधू नये?

विधेयक तसे अतिशय सौम्य होते. सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपुरतीच प्रथम सक्ती. तीही स्थानिक मंडळाला वाटले तर, सरकारची परवानगी असेल तर, आणि ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत येत असतील तर. महिना दहा रुपयांहून कमी उत्पन्न असणाऱ्या पालकांकडून फी घेऊ नये, असे कलम होते. तरीही विरोध झालाच. पैसा नाही, लोकांची तयारी नाही, सक्तीने असंतोष माजेल, असे सरकार म्हणाले. मुले शाळेत बसली तर शेताला हात कोठून आणायचे, असाही सूर निघाला. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासद होते, तसे आपलेही काही वजनदार लोक होते, हे विसरून चालणार नाही.

शाहू आणि कर्मवीर

हा पराभव ताजा असतानाच कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा कायदा केला. आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग आणि कटकोळ हे भाग तेव्हा कोल्हापूर संस्थानातच होते, ही आपल्या वाचकांना जवळची वाटावी अशी गोष्ट. शाहूंनी एक गोष्ट पुरेपूर ओळखली होती. ती म्हणजे शाळा असून भागत नाही, खेड्यातील मुलाला शहरात राहायला आणि जेवायला जागा लागते. म्हणून १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या जातींसाठी वसतिगृहे काढली.

त्याच मातीत वाढलेले कुंभोजचे भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या योजनेत फुल्यांच्या निवेदनातील शेती, श्रम आणि अक्षर यांची सांगड प्रत्यक्षात उतरली. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी मांडलेली हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पनाही याच वाटेवरची. तिने मातृभाषेचा आग्रहही धरला.

सक्तीची दिशा बदलली

१९५० च्या राज्यघटनेने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्याला सांगितले. दहा वर्षे गेली, आणखी चाळीस गेली. २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखल्यांचे विधेयक पडल्यापासून तोवर अठ्ठ्याण्णव वर्षे लोटली होती.

या कायद्यात एक बारकावा आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. बडोद्यात आणि कोल्हापुरात सक्ती होती ती आईबापांवर. मूल घरी ठेवले तर दंड त्यांना. नव्या कायद्याने ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थच फिरवला. येथे सक्ती म्हणजे सरकारचे बंधन : मुलाला प्रवेश मिळेल, ते हजर राहील आणि शिक्षण पुरे करील, हे पाहण्याचे. पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, पण दंड नाही. पट्टी आमची, मग शाळा आमच्या मुलांना का नाही, या फुल्यांच्या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांनी कायद्याच्या भाषेत मिळाले.

भाषेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. १९५६ मध्ये घटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. कर्नाटकाने १९९४ मध्ये पहिली ते चौथी मातृभाषा किंवा कन्नड हेच माध्यम ठरवले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये घटनापीठाने, माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा, राज्याला मातृभाषाही लादता येणार नाही, असा निर्णय दिला. गोव्यात १९९० मध्ये प्राथमिक शाळांचे अनुदान देशी भाषांच्या माध्यमापुरते ठेवले होते; २०११ मध्ये ते इंग्रजीलाही खुले करण्याचे ठरले आणि त्यावरून रान पेटले.

म्हणजे आज निवड आपल्या हातात आली आहे. परंतु निवड तेव्हाच खरी, जेव्हा दोन्ही शाळा सारख्या चांगल्या असतात. मराठी शाळेत शिक्षक पुरेसे नाहीत, पुस्तके वेळेवर येत नाहीत, आणि शेजारी इंग्रजी शाळेची बस दारात येते, अशा वेळी पालकाने काय निवडले याला निवड म्हणायचे का? सरकारवर असलेली सक्ती आपण सरकारला कितीदा आठवण करून देतो? शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला आपल्यापैकी किती जण जातात? मुलाला घरी मराठी, अंगणात कन्नड, कोकणी किंवा गुजराती आणि पुढे इंग्रजी येणे हे ओझे नाही, ती संपत्ती आहे, असे आपण त्याला कधी सांगतो का?

दहा गावांपासून आरंभ करून, तेरा वर्षे अडचणी मोजून, मग साऱ्या राज्याला कायदा लावण्याचा सयाजीरावांचा रस्ता अजूनही चालण्याजोगा आहे. आपापल्या गावची एक शाळा धरावी, तिच्या पटावरील मुले मोजावीत, न येणाऱ्यांच्या घरी जावे, तेथे चार पुस्तकांची पेटी ठेवावी. त्यासाठी राजा असावे लागत नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा एवढे काम प्रत्येक गावातील दहा घरांनी जरी अंगावर घेतले, तरी पुष्कळ होईल.