कातीव किटलीची साक्ष : खानदेशातील चहाच्या प्रसाराविषयी एक टिपण

प्रादेशिक इतिहासाची साधने म्हणून ताम्रपट, सनदा व दफ्तरे यांचा आपणांस जेवढा परिचय असतो, तेवढा घरगुती वस्तूंचा नसतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांनी कागदपत्रांच्या जतनाचा मार्ग घालून दिला. परंतु लाकडी वस्तू वाळवीच्या, चुलीच्या अथवा भंगारवाल्याच्या स्वाधीन होतात. भातुकलीतील अथवा फडताळावर शोभेसाठी ठेवलेली कातीव लाकडी किटली ही अशीच एक उपेक्षित वस्तू होय. खानदेशात चहा केव्हा व कोणत्या वाटेने रुजला, या प्रश्नाचा विचार करताना तिची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

प्रथम काष्ठाचा विचार करू. खराद्यावर फिरवलेली वस्तू स्वभावतः वाटोळी असते. बाजेचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी व खुंट्या हे कातारी कारागिराचे नित्याचे काम. किटलीचे पोट व झाकण खराद्यावर उतरते; तोटी मात्र निराळी घडवून छिद्रात बसवावी लागते. मुठीसाठी एक कडे कातून ते मधोमध कापले, तर दोन मुठी मिळतात. अशा वस्तूचा मूळ प्रदेश ठरविण्यास लाकूड साहाय्यकारी होते. सावंतवाडीच्या प्रसिद्ध लाखकामात पांगाऱ्यासारखे हलके लाकूड रूढ आहे. उलटपक्षी अंजन हा कोरड्या प्रदेशातील वृक्ष खानदेशात आढळतो. कोकणात तो नैसर्गिकरीत्या वाढत नाही. त्याचे लाकूड अत्यंत जड व कठीण असते. तेव्हा एखादी किटली अंजनाची असेल तर ती कोकणातून आली नसावी, एवढे अनुमान निश्चित करता येते. ती खानदेशातच घडली, असे मात्र तेवढ्यावरून म्हणता येत नाही.

दुसरी कसोटी अग्नीची. कातीव लाकडावर अलंकरण करण्याच्या दोन पद्धती विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिलीत लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते व नंतर केवड्याच्या पानाने तिला झिलई आणतात. दुसरीत लाकूडच जाळतात. फिरत्या वस्तूवरील बारीक खाचेत तार ताणून धरली असता घर्षणाने काळी, रेखीव रेघ उमटते. पानाफुलांची नक्षी तापलेल्या लोखंडी सळईच्या टोकाने डागून काढतात. लाखेचा थर कालांतराने पोपडे धरून गळतो. डाग लाकडाच्या अंगातच उतरलेला असल्याने तो सहसा पुसला जात नाही. म्हणून रंग उडालेल्या जुन्या वस्तूवर डागकामाची रेघ प्रथम शोधावी.

येथेच या वस्तूचा खरा स्वभावही कळतो. लाख सुमारे 75 अंश सेल्सिअसला मऊ होते आणि चहाचे पाणी त्याहून कढत असते. ज्या उष्णतेने रंग चढला, तीच उष्णता तो उतरवील. डागकामाच्या किटलीला हा धोका नसला, तरी कढत पाण्याने लाकूड फुगते, वाळताना तडकते आणि तोटीचा सांधा सुटतो. सारांश, लाकडी किटली चहासाठी नव्हे, चहाच्या प्रतिमेसाठी घडविलेली आहे.

मग ही प्रतिमा आली कोठून? 1860 च्या दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत पोहोचला. 1900 च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरतेचा मार्ग अमळनेरास आला. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव. पश्चिम खानदेश म्हणजे धुळे व 1998 मध्ये त्यातून वेगळा झालेला नंदुरबार. कापूस बाहेर नेणाऱ्या याच मार्गांनी चहासारखा दूरचा माल आत येणे सुलभ झाले. 1903 च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसला व त्या निधीतून पुढे देशातही प्रचार झाला. पत्रके व फलक यांतून शिकविलेली रीत अशी : किटली प्रथम गरम करावी, पत्तीवर उकळते पाणी ओतून ती मुरू द्यावी, दूध व साखर पेल्यात घालावी.

आपल्या स्वयंपाकघराने ही रीत स्वीकारली नाही. पाणी, दूध, साखर व पत्ती पातेल्यात एकत्र उकळून गाळण्याची पद्धत येथे रूढ झाली. किटली राहिली ती स्टेशनावर, हॉटेलात व कचेरीत. यावरून एक सावधगिरीचा नियम निघतो. भातुकलीत शिरलेली वस्तू घरात मुरलेली असतेच, असे सामान्यतः मानले जाते. कातीव किटली या समजाला बाध आणते. जात्याची अथवा चुलीची लाकडी प्रतिकृती घरातील व्यवहार दाखविते; किटलीची प्रतिकृती घराबाहेर पाहिलेला, पाहुणचाराशी व प्रतिष्ठेशी जोडलेला व्यवहार दाखविते. खेळणे हे आईच्या कामाचे अनुकरण असते, तसेच ते स्टेशनावर पाहिलेल्या नवलाचेही असू शकते.

तेव्हा किटलीवरून घरोघरी चहा पोहोचल्याचा काळ ठरविणे चुकीचे होईल. चहाची सार्वजनिक प्रतिमा केव्हा परिचित झाली, एवढेच तिच्या आधारे सांगता येईल. हा फरक सूक्ष्म असला तरी गौण नाही; कारण वस्तूंवरून सामाजिक इतिहास लिहिताना दिसलेले व वापरलेले यांची गल्लत वारंवार होते.

पोलाद व प्लॅस्टिकची भातुकली आल्यापासून लाकडी खेळण्यांचा व्यवहार आक्रसला आहे. जळगाव व धुळे परिसरातील विद्यार्थ्यांनी आपल्याच घरांतील माळ्यांपासून आरंभ करावा. प्रत्येक वस्तूचे लाकूड, सांधे, डाग व लाखेचा उरलेला रंग यांची नोंद घ्यावी आणि ती कोणी, कोठून, कशासाठी आणली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. वस्तू पुढेही पाहता येईल. तिची हकीगत सांगणारी पिढी मात्र तितका काळ थांबणार नाही.