रोम कशाने बुडाले? भोकरदनच्या कारागिराला विचारा



रोमन साम्राज्य कशाने बुडाले, या प्रश्नाचे तयार उत्तर स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक गाईडमध्ये असते : रानटी टोळ्यांनी बुडवले. या उत्तराचा सख्खा भाऊ आपल्याकडेही आहे. "इथे सोन्याचा धूर निघत होता, परकीयांनी येऊन सगळे नासवले." तो धूर कोणाच्या चुलीतून निघत होता आणि कोणाची चूल थंड होती, हे मात्र कोणी सांगत नाही. रोमचा इतिहास आपण आपल्या नजरेने वाचला पाहिजे तो यासाठी.

रोमचा आणि आपल्या जालना जिल्ह्याचा काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध आहे आणि तो हस्तिदंतात कोरलेला आहे. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पॉम्पेई शहर गाडले गेले. 1938 मध्ये तिथल्या एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, वीतभराहून थोडी उंच. आधी तिला लक्ष्मी म्हटले गेले, आता बरेच अभ्यासक यक्षी मानतात. पुढे 1973 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले. होय, ज्याच्या नामांतरासाठी आपल्या माणसांनी रक्त सांडले, तेच मराठवाडा विद्यापीठ. केळणा नदीकाठच्या त्या मातीत त्याच घाटणीची, पण तुटलेली हस्तिदंती मूर्ती मिळाली. तशीच एक धाराशिव जिल्ह्यातील तेरला मिळाली आहे. त्यामुळे पॉम्पेईची मूर्ती भोकरदनलाच घडली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावाच्या लोकांचा उल्लेख आहे. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण कोरीव काम केल्याचे लिहून ठेवले आहे. हाताने काम करणारा माणूस स्तूपावर स्वतःचे नाव कोरतो, असा तो काळ होता. नाशिकच्या लेण्यातील लेख सांगतो की उषवदाताने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे 3000 कार्षापण व्याजाने ठेवले. म्हणजे विणकरांची संघटना पतपेढीसारखी चालत होती. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भरूच बंदरात आणि तिथून जहाजांनी पश्चिमेला जात होता. प्लिनी या रोमन लेखकाची तक्रार होती की भारत दरवर्षी रोमचे 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

आता रोम वाढले कसे ते पाहू.

रोमच्या प्रजासत्ताकात सुरुवातीला दोन वर्ग होते. पॅट्रिशियन म्हणजे उच्चकुलीन आणि प्लेबियन म्हणजे सामान्य जनता. पदे, कायदा, धर्म, सगळे पॅट्रिशियनांच्या मुठीत. परंपरेनुसार इ.स.पू. 494 मध्ये प्लेबियन शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले. तुमच्यासाठी लढणार नाही, राबणार नाही, म्हणाले. आपल्या भाषेत हा असहकार. त्यातून त्यांना स्वतःचे प्रतिनिधी, ट्रिब्यून, मिळाले. इ.स.पू. 450 च्या सुमारास झालेल्या बारा पाट्यांच्या कायद्यात दोन वर्गांतील लग्नाला बंदी होती. ती इ.स.पू. 445 मध्ये उठवावी लागली. इ.स.पू. 367 मध्ये कॉन्सुल हे सर्वोच्च पद प्लेबियनांना खुले झाले आणि इ.स.पू. 300 मध्ये पुरोहितपद.

हा क्रम लक्षात ठेवा : लग्न, सत्ता, पौरोहित्य. 1936 च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी नेमके हेच रोमचे उदाहरण घेतले आहे. प्लेबियन कॉन्सुल निवडून आला तरी देवतेचा कौल सांगणारे पुरोहित पॅट्रिशियनच होते. म्हणून सोयीचा प्लेबियनच खुर्चीवर बसायचा. सत्ता मिळूनही धर्माची किल्ली दुसऱ्याच्या हातात राहिली तर काय होते, ते त्यांनी दाखवले. राखीव जागेवर निवडून येणारा कोणाचा माणूस असतो, हे पाहिलेल्या कार्यकर्त्याला हा मुद्दा वेगळा समजवावा लागत नाही. त्याच ग्रंथात बाबासाहेब आंतरजातीय विवाह मांडतात, वंशपरंपरागत पौरोहित्य बंद करून परीक्षा देणाऱ्या कोणालाही पुरोहित होऊ द्या असे सांगतात. रोमने या दोन्ही बाबतीत कायद्याची दारे दीड शतकात उघडली. आपल्याकडे दुसऱ्या जातीत लग्न केले म्हणून आजही मुडदे पडतात.

रोम म्हणजे स्वर्ग नव्हता. ते गुलामांच्या घामावर उभे होते. इ.स.पू. 71 मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सहा हजार गुलामांना रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवले गेले. तरीही मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा नागरिक होत असे. इ.स. 193 मध्ये तर अशाच एका गुलामाचा मुलगा, पर्टिनॅक्स, सम्राट झाला. बाबासाहेबांनी रोमन गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून अस्पृश्यता अधिक वाईट ठरवली, ती यामुळेच. गुलामीतून बाहेर पडायला वाट होती, जातीतून नव्हती.

मग उतरण कुठे लागली? पहिली तडा जमिनीच्या प्रश्नावर गेली. जिंकलेली बरीच जमीन सार्वजनिक मालकीची होती. आपल्या गायरानासारखी समजा. धनदांडग्यांनी ती बळकावली, तिच्यावर गुलाम राबवले आणि लढाईवरून परतलेला लहान शेतकरी भूमिहीन झाला. टायबेरियस ग्रॅकसने या जमिनीवर कमाल मर्यादा घालून उरलेली गरिबांना वाटण्याचा कायदा आणला, तेव्हा इ.स.पू. 133 मध्ये सिनेटरांनीच त्याला ठेचून मारले. पुढे त्याचा भाऊ गायसही संपवला गेला. त्यानंतर शंभर वर्षांत यादवी युद्धांनी प्रजासत्ताक संपले आणि सम्राट आले. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह आठवा. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाच्या नावावर सातबारा करताना आजही कोणाचे हात थरथरतात, तेही आठवा.

दुसरी तडा कायद्यात गेली. इ.स. 212 मध्ये साम्राज्यातील जवळपास सर्व स्वतंत्र माणसांना नागरिकत्व मिळाले. पण तोवर प्रतिष्ठित आणि सामान्य असे दोन वर्ग कायद्यातच पडले होते. गुन्हा एकच, शिक्षा वेगवेगळी. हे कुठे वाचल्यासारखे वाटते ना? 25 डिसेंबर 1927 ला महाडात जे पुस्तक जाळले, त्यात हेच आहे.

तिसरी तडा सर्वांत खोल. तिसऱ्या शतकात युद्धे, साथी आणि चलनाची घसरण यांनी रोमला घेरले. ऑगस्टसच्या काळात जवळजवळ शुद्ध असलेल्या चांदीच्या नाण्यावर इ.स. 270 च्या आसपास चांदीचा नुसता मुलामा उरला. कर वसूल व्हावा म्हणून राज्याने माणसालाच खुंटीला बांधले. बेकरीवाल्याच्या मुलाने बेकरीच चालवायची, जहाजवाल्याच्या मुलाने जहाजच, सैनिकाच्या मुलाने सैन्यातच जायचे. 332 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने पळून गेलेल्या कुळांना पकडून पुन्हा त्याच जमिनीवर बांधायचा हुकूम काढला. म्हणजे जन्मावरून धंदा! ज्या रोमने बंद दारे उघडून जग जिंकले, ते शेवटी चातुर्वर्ण्याच्या वाटेला लागले.

नंतरच्या तारखा फक्त निकाल सांगतात. 410 मध्ये अलारिकने रोम लुटले आणि 476 मध्ये पश्चिमेचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला. पूर्वेकडचे साम्राज्य 1453 पर्यंत टिकले, त्यामुळे एकच कारण सांगून कोणी मोकळे होऊ नये. पण पाचव्या शतकातील सॅल्व्हियन नावाच्या धर्मगुरूची साक्ष महत्त्वाची आहे. तो लिहितो की गरीब रोमन लोक रानटी म्हटल्या जाणाऱ्यांकडे पळून जात होते, कारण रोमन म्हणवून पिळले जाण्यापेक्षा तिथे मोकळे जगता येत होते. जी व्यवस्था माणसाला माणूस मानत नाही, तिच्यासाठी त्याने का मरावे? 1 जानेवारी 1818 ला भीमा कोरेगावात पेशवाईला हाच प्रश्न विचारला गेला.

आता पुन्हा भोकरदनला येऊ. रोमचा व्यापार आटला तशी दख्खनची शहरेही ओसरत गेली. शहरे उतरल्यावर कारागीर खेड्यात बांधला गेला, असे रामशरण शर्मांसारखे इतिहासकार मांडतात. माझे म्हणणे असे की बाजार बुडाला म्हणून स्तूपावर नाव कोरणाऱ्याची जात व्हावी, असा निसर्गाचा नियम नाही. त्याची बीजे आधीच पेरलेली होती. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. लेणे बौद्ध भिक्षूंना दान दिलेले, आणि लेखात मुलाची, गौतमीपुत्राची, स्तुती काय? तर त्याने चार वर्णांचा संकर थांबवला! म्हणून सातवाहन काळालाही डोळे झाकून सुवर्णयुग म्हणू नका. एका हाताने संघाला दान आणि दुसऱ्या हाताने वर्णाला कुंपण, हा खेळ जुना आहे. आज जयंतीला हार घालणारे हातही तपासून घ्या.

रोममध्ये ते कुंपण राज्याच्या हुकुमाने घातले होते. पश्चिमेत राज्य कोसळले तसे ते हुकूमही पुसले गेले. आपल्याकडे ते धर्माने घातले. राज्ये आली, गेली, कुंपण तसेच राहिले. म्हणून नुसत्या सत्ताबदलाने आपला प्रश्न सुटत नाही. 1956 ला बाबासाहेबांनी धम्म दिला तो यासाठी.

तरुण मित्रांनो, भोकरदनला गेलात तर केळणाकाठी उभे राहा आणि त्या निनावी कारागिराला आठवा. त्याची कला समुद्रापार पोचली, त्याचे नाव मात्र आपल्यापर्यंत पोचले नाही. यापुढे तसे होऊ द्यायचे नसेल तर रोमचा हिशेब डोक्यात ठेवून चार ठिकाणी लढा : लग्नात, जमिनीत, कायद्यात आणि पोरांच्या शिक्षणात. बापाचा धंदा पोराच्या कपाळी लिहिणारा समाज कितीही मोठा दिसला तरी आतून पोकळ असतो. रोमसुद्धा त्याला अपवाद ठरले नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!